डाव्या हाताची मूठ

"हात दाखवा."

त्याच्या झोपडीवजा दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्यांदा हेच म्हणायचा. नमस्कार नाही, बसा नाही, काय काम काढलंत नाही. तुम्ही हात पुढे केलात की तो दोन्ही हातांत धरायचा, उलटा-सुलटा करायचा, बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवायचा आणि मग मान वर करून तुमचं तोंड बघायचा. मला पहिल्यांदा वाटलं, हा लोहार फावल्या वेळात हस्तरेषाही बघत असावा. तेव्हा माझी बढती अडकलेली होती. मी गमतीनं विचारलं, "काय, योग आहे का?"

"करंगळी आखूड हाय," तो म्हणाला. माझं भविष्य तेवढ्यावर संपलं.

मग त्यानं बांबूची एक चपटी कांबट घेतली, माझ्या तळव्यावर आडवी धरली आणि चार बोटं जिथं जिथं टेकली तिथं नखानं खुणा केल्या. त्या खुणांवर सुरीनं खाचा पाडल्या. कांबटीच्या टोकाला त्यानं साखळीच्या तीन कड्या कोरल्या. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. वरोरच्या मासेवाल्याच्या कांबटीवर मासा होता, ताडीवाल्याच्या कांबटीवर झाड होतं, आणि मी मोजणी खात्यातला म्हणून माझ्या वाट्याला साखळी आली. आम्ही साखळी टाकून मशीन घेतलं त्याला बरीच वर्षं झाली होती, पण हे त्याला पटवण्यात अर्थ नव्हता. वर आढ्याला अशा शेकडो कांबट्या टांगलेल्या होत्या. सगळ्या परिसराचे हात तिथं धुरात वाळत होते.

तुमच्यापैकी कुणी डहाणूकडून तलासरीला रस्त्यानं गेला असाल तर त्याची झोपडी तुम्ही पाहिलेली असणार. कारवीच्या कुडाची, वर कौलं, इतकी बुटकी की आत जाताना कपाळ आपटायचंच. मी वीसेक वेळा आपटलं. प्रत्येक वेळी आतून आवाज यायचा, "आलात काय, साहेब?"

वयानं तो माझ्या वडिलांएवढा. मी सुरुवातीला 'अहो' म्हणायचो, तर तो मागं वळून बघायचा, हे कुणाला म्हणतात म्हणून. मग मी 'बाबा' आणि 'तू'वर आलो. तो मात्र शेवटपर्यंत 'साहेब' आणि 'तुमी'वरच राहिला.

माझं काम जमिनी मोजायचं. घर डहाणूला, बायको तिथल्याच शाळेत शिक्षिका, आणि मी दिवसभर तलासरीच्या पाड्यांवर, रानात, घाणेरीच्या जाळ्यांत. बाजारातून घेतलेल्या कोयत्याची मूठ आठवड्यात निखळली होती. आमच्या शिपायानं या म्हाताऱ्याचं नाव सांगितलं. मी गेलो आणि म्हणालो, एक चांगला सुरा करून दे.

"कशाला?"

मी सांगितलं. वेली तोडायला, खुंट्यांना टोक काढायला, हद्दीच्या दगडावरची माती खरवडायला, आणि वेळ पडली तर ठोकायलाही.

"चार कामं एका हत्याराला," तो म्हणाला. "पगार देणार हाय काय त्याला?"

आणि करायला नकार दिला. नकार म्हणजे कायमचा नव्हे. आधी मला काम करताना बघायचं म्हणे. दुसऱ्या दिवशी खरंच मोजणीला आला. एका डोंगरउतारावर आम्ही काम करत होतो. हा आपला आमच्या मागं दहा पावलं, हात पाठीशी बांधून. सकाळपासून दुपारपर्यंत एक शब्द बोलला नाही. मी घाम गाळत जाळी तोडत होतो आणि मनात म्हणत होतो, बघू दे, सरकारी माणूस काय मेहनत करतो ते. जेवायला बसलो तेव्हा त्यानं निकाल दिला.

"साहेब, तुमी कापत नाय. तुमी खाजवता."

आमचा शिपाई भाकरी हातात धरून इतका हसला की त्याला ठसका लागला. मला रागच आला होता. पण म्हातारा गंभीर होता. तो म्हणाला, तुमच्या मनगटात जोर नाही, तेव्हा वजन पात्याला पुढे द्यायला पाहिजे, म्हणजे ते आपल्या वजनानं पडेल. टोक बोथट पाहिजे, कारण तुम्ही दगड खरवडणार आणि अणकुचीदार टोक तिसऱ्या दिवशी मोडाल. पाठ जाड आणि सरळ पाहिजे, ठोकायला. आणि धार एकाच बाजूनं, उजव्या हाताच्या माणसाची. हे सगळं त्यानं झोपडीत परतल्यावर जमिनीवर कोळशानं काढून दाखवलं. चार वेळा पुसलं, पाचव्यांदा काढलं. मी त्या रेघांकडे बघत राहिलो. आयुष्यभर नकाशे काढणाऱ्या माझ्या हातून इतकी स्वच्छ रेघ क्वचितच उतरली असेल.

"कधी मिळेल?" मी विचारलं.

"लोखंडाला विचारून सांगतो."

लोखंड म्हणजे जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा. भट्टी झोपडीच्या अगदी आतल्या कोपऱ्यात, जिथं भर दुपारीही माणूस ओळखू यायचा नाही. मी एकदा विचारलं, दाराशी का नाही घेत भट्टी, निदान वारा तरी लागेल. तो म्हणाला, "बापानं अठं लावली." बाप का म्हणून तिथं बसला, हे त्यानं बापाला कधी विचारलं नव्हतं, आणि बापानं त्याच्या बापाला विचारलं असेल असं वाटत नाही.

ठोकून आकार देणं मला समजत होतं. पण पात्याला पाणी द्यायची वेळ आली की तो सगळ्यांना गप्प बसवायचा. तापलेलं पातं तेलात बुडवायचं, एवढंच ते काम, पण त्यावरच सगळं अवलंबून. कमी तापलं तर पातं मऊ राहतं, वाकतं. जास्त तापलं तर ठिसूळ होतं, मोडतं. आणि किती तापलं ते बघायला त्याच्याकडे दोन डोळ्यांशिवाय काही नव्हतं.

"पिकल्या तोंडल्याचा रंग आला की काढायचा," तो मला म्हणाला. "पळसाच्या फुलाचा होऊ द्यायचा नाय. पळस झाला की गेला."

त्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते पातं खरंच पिकल्या तोंडल्यासारखं दिसलं. पुढच्या क्षणी ते तेलात होतं आणि झोपडीभर धूर झाला. मूठ खैराची होती, माझ्या कांबटीवरच्या चार खाचांप्रमाणे कोरलेली. सुरा हातात देताना तो म्हणाला, "बघू नका. नुसता धरा." मी डोळे मिटून धरला. मला लाज वाटते सांगायला, पण माझा हात इतका नीट माझ्याही ध्यानात कधी आला नव्हता.

"बराबर हाय?"

"बराबर हाय," मी म्हणालो. तो हसला. त्याचे वरचे दोन दात नव्हते.

त्या झोपडीत गेलात की आणखी एक माणूस हमखास दिसायचा. बारकू. पालथ्या टोपलीवर बसलेला, कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडी आणि तिच्यात अडकवलेला कोयता. आपल्याकडे पाड्यांवरचे पुरुष अशी आकडी बांधतातच. पातं तिच्या खाचेत सरकवायचं, मूठ वर राहते आणि दोन्ही हात झाडावर चढायला मोकळे. बारकू झाडांवर चढायचा. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला राब लागतो, त्या राबासाठी ऐनाच्या फांद्या छाटायचं त्याचं काम. स्वतःच्या तुकड्यापुरतं आणि मग चार पाड्यांवरच्या लोकांसाठीही. दोघं लहानपणापासूनचे दोस्त.

बारकू डावखुरा होता. म्हाताऱ्याला ही चेष्टेची कायमची सोय होती.

"ह्याचा हात उलटा, डोका उलटा. ह्याच्यासाठी मना सगळा उलटा करायला लागतो."

"मग नको करू," बारकू म्हणायचा. "मी बाजारातून आणतो."

"आण. आणि झाडावरून पड."

यातली चेष्टा सोडली तर गोष्ट खरी होती. बाजारातल्या कोयत्यांची धार उजव्या हाताच्या माणसासाठी असते. डाव्या हातानं मारलं की ते फांदीवरून घसरतात. जमिनीवर उभ्या माणसाचं त्यानं फारसं बिघडत नाही, पण झाडावर एका पायावर तोल सांभाळणाऱ्याचं बिघडतं. बारकूनं जन्मात म्हाताऱ्याच्या हातचाच कोयता वापरला. आढ्यावर त्याची कांबट सगळ्यांत काळी होती, आणि तिच्यावर कसलीच खूण नव्हती. म्हाताऱ्याला तिथं खुणेची गरज वाटली नव्हती.

मग रस्ता रुंद व्हायचं आलं.

मोजणी माझ्याकडेच आली. नको म्हणता आली असती का, असं तुम्ही विचाराल. रजा टाकता आली असती. मी टाकली नाही. मला वाटलं, दुसरा कुणी येऊन काहीतरी बोलेल, त्यापेक्षा मीच असलेला बरा. माणूस स्वतःची अशी समजूत काढतो. झोपडीची जागा त्याच्या नावावर नव्हती, त्याच्या बापाच्याही नव्हती. कागदावर तिथं कुणी राहतच नव्हतं. मी मशीन लावलं, रेघ आली ती थेट भट्टीवरून. खुंटी ठोकायला हवी होती. खुंटीला टोक काढायला मी कमरेचा सुरा काढला, त्यानंच केलेला, आणि दोन घावांत टोक निघालं. तो बघत होता.

मी सुऱ्याच्या पाठीनं खुंटी ठोकायला लागलो. जमीन वर्षानुवर्षांच्या राखेनं आणि पायांनी घट्ट झालेली. खुंटी तिरकी जात होती.

"सोडा, साहेब. वाकडी जाईल ती," म्हणत तो पुढे आला. त्यानं घण उचलला आणि तीन ठोक्यांत स्वतःच्या भट्टीच्या तोंडाशी ती खुंटी सरळ उभी केली. मग हात झटकले. "बराबर हाय?"

मी वहीत खुंटीचा आकडा लिहून घेतला.

रस्त्यापासून आत, त्याच्या पाड्यावर, त्यानं पत्र्याची शेड उभी केली. ऐरण बैलगाडीतून नेली, कांबट्या बारकूनं भारे बांधून डोक्यावरून नेल्या. मला काहीतरी करायला हवं होतं. मी खेटे घालून त्याला विजेचं कनेक्शन मिळवून दिलं. दोन पांढऱ्याशुभ्र ट्यूब आणल्या आणि स्वतः स्टुलावर चढून भट्टीच्या बरोबर वर बसवल्या. जन्मभर अंधारात काम करून डोळे गेलेत म्हाताऱ्याचे, आता तरी नीट दिसू दे. बारकूनं नारळ फोडला. बटण दाबलं तेव्हा पाड्यावरच्या बायका दारात येऊन बघत होत्या.

"दवाखान्यासारखा उजेड झाला," म्हातारा म्हणाला, आणि हातानं डोळे झाकून हसला. मी त्या दिवशी घरी गेलो तो फार हलक्या मनानं. बायकोला म्हणालोसुद्धा, आज एक चांगलं काम झालं.

सुरुवातीला सगळे खूश होते. नव्या शेडमधल्या कोयत्याची धार जास्त टिकते, असं लोक म्हणायला लागले. विवळवेढ्याच्या यात्रेत त्याचे सगळे कोयते पहिल्याच दिवशी संपले. पुढच्या हिवाळ्यात राबाची छाटणी सुरू व्हायच्या आधी त्यानं बारकूला नवा कोयता दिला. हा माझ्या हातचा सगळ्यांत चांगला, असं तो चारचौघांत म्हणाला. तो स्वतःच्या कामाबद्दल असं कधी बोलायचा नाही.

तो कोयता ऐनाच्या झाडावर मोडला. बारकूनं पूर्ण जोरानं घाव घातला, पातं मधोमध तुटलं आणि तुटलेला तुकडा उलटा फिरून मुठीवरच आला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. खाली पडला नाही, एवढंच नशीब म्हणायचं. उजव्या हातानं फांदी धरून तो तसाच उतरला, उतरून बसला, आणि बायकोला म्हणाला, कोयता वर राहिला, तो आण.

मला दोन दिवसांनी कळलं. शेडवर गेलो तर म्हातारा ऐरणीपाशी बसला होता. हातात पात्याचा तुकडा. त्यानं तो माझ्यापुढे धरला. तुटलेल्या जागी लोखंड चमचम करत होतं, साखरेचे दाणे दिसावेत तसं.

"असा नको दिसायला," तो म्हणाला. "राखेसारखा बारीक दिसायला पायजे."

मग तो पाड्यापाड्यांवर फिरला आणि नव्या शेडमध्ये केलेला एकेक कोयता परत मागून आणला. लोक द्यायला तयार नव्हते, चांगली धार आहे म्हणत होते. त्यानं हातापाया पडून आणले. ऐरणीच्या कडेवर ठेवायचा आणि हातोडी मारायचा. पापडासारखे मोडत होते. प्रत्येकात तीच साखर. मी दारात उभा होतो. शेवटी त्यानं माझ्याकडे बघितलं.

"साहेब, तुमचा द्या."

मी सुरा दिला. त्यानं तो तसाच ठेवला आणि सगळ्यांपेक्षा जोरात हातोडी घातली. सुरा खणखणला. मोडला नाही, वाकला नाही. त्यानं पुन्हा मारली, पुन्हा तोच आवाज. त्यानं सुरा मला परत दिला.

मग उठला आणि भट्टी पेटवली. पाट्याचा एक तुकडा आत घातला. वर माझ्या दोन ट्यूब जळत होत्या. तुकडा हळूहळू तापला, त्याला मंद लाली आली.

"कसा दिसतो, साहेब?"

"अजून कच्चा आहे," मी म्हणालो. "जांभळट आहे."

"दार लोटा. आणि उजेड घालवा."

मी दार लोटलं, बटण बंद केलं. पुढे काय झालं ते मी फार वेळा मनात पाहिलं आहे. तोच तुकडा, त्याच आगीत, पिकल्या तोंडल्यासारखा लालभडक दिसला. मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा जांभळट.

"उजेडात मना कच्चाच दिसायचा," तो म्हणाला. "म्हणून आजून तापवायचा. तोंडलं दिसायला लागला तवर आत पळस झालेला." त्यानं तुकडा चिमट्यानं बाहेर काढला. मग म्हणाला, "बापानं सांगितला नाय. बापाला पण ठाव नसेल."

त्यानं मला दोष दिला नाही. त्याच्या मनातही ते आलं नसावं, तो माणूस तसा नव्हता. पण स्टुलावर चढून ट्यूब मी लावल्या होत्या. त्या आधीची खुंटीही माझीच. मी काहीतरी बोलायला गेलो, तर तो म्हणाला, "तुमी चहा घ्या, साहेब."

आता तुम्ही म्हणाल, कारण तर सापडलं, मग उजेड बंद करायचा आणि कामाला लागायचं. मीही तेच म्हणालो. ट्यूब स्वतः काढल्या, फटींना गोणपाट ठोकलं. शेडमध्ये पुष्कळ अंधार केला. पण त्याच्या हातात भीती शिरली होती. लोखंड तापायला लागलं की तो अर्ध्यातच बाहेर काढायचा. पातं मऊ राहायचं, वाकायचं. मग दुसरं जरा जास्त वेळ ठेवायचा, आणि पाणी दिल्यावर स्वतःच ऐरणीवर मारून मोडायचा. तुटलेली कड डोळ्याजवळ धरून बघायचा. कधी दाणा बारीक असायचा. मला तरी बारीकच वाटायचा.

"बाबा, हे तर बरोबर होतं! कशाला मोडलंस?"

"मोडल्याबिगर कसा कळणार?"

चांगलं पातं चांगलं आहे हे त्याला मोडल्यावरच पटत होतं, आणि पटलं तेव्हा ते मोडलेलं असायचं. पूर्वी नुसत्या डोळ्यांनी कळायचं. आता डोळे तेच होते, त्यांच्यावरचा विश्वास गेला होता.

बारकू पुन्हा येऊन त्याच पालथ्या टोपलीवर बसायला लागला. हाताला फडकं. "तुझा काय चुकला?" तो म्हणायचा. "फांदीच कडक होती." हे साफ खोटं होतं आणि तिघांनाही माहीत होतं. एक दिवस त्यानं फडकं सोडलं. जखम भरली होती.

"मना दुसरा करून दे," तो म्हणाला. "बाजारचा मना चालत नाय. घरी बसून काय खाऊ? बायको जाते दुसऱ्याच्या वाडीत चिकू तोडायला."

म्हातारा हललाच नाही. 'हात दाखव' हे त्याच्या तोंडून निघेना. शेवटी बारकूनंच हात पुढे केला आणि म्हणाला, "हात बघ."

म्हाताऱ्यानं तो तीन बोटांचा हात घेतला. मी तिथं नसतो तर बरं झालं असतं. नवी कांबट घेतली, तळव्यावर आडवी धरली आणि बोटांच्या दोनच खाचा पाडल्या, तिसरी अंगठ्याची. ती कांबट त्यानं जुन्या काळ्या कांबटीला दोऱ्यानं बांधून ठेवली.

पुढचे दोन महिने तो त्या एका मुठीवर बसला होता. मूठ म्हणजे काय सांगू तुम्हाला! जी दोन बोटं नव्हती त्यांचं काम मुठीनं करायचं होतं. खालच्या टोकाला त्यानं पोपटाच्या चोचीसारखा बाक दिला, म्हणजे हात मागे सरकू नये. मधे अंगठ्यासाठी खोलगट जागा, आणि तळव्याच्या रिकाम्या बाजूला लाकडाचा उंचवटा, तिथली पोकळी भरून काढायला. कोळशानं जमिनीवर काढायचा, पुसायचा, बारकूला बोलवायचा, धरायला लावायचा, पुन्हा तासायचा. खैराचे पाच तुकडे वाया गेले. सहावा बसला. त्याच्या हातचं इतकं सुंदर काम मी कधी पाहिलं नव्हतं.

पण पातं होईना. किती पाती केली ते मी सांगू शकत नाही. ऐरणीखाली मोडलेल्या तुकड्यांचा ढीग वाढत होता. मी एकदा म्हणालो, यातलं एखादं न मोडता दे बारकूला, तो समजून घेईल. म्हातारा माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. "झाडावर तुमी चढणार काय?"

पावसाळा तोंडावर आला तेव्हा त्याची मुलगी येऊन त्याला आपल्या सासरी, झाईला घेऊन गेली. त्याला दिसणं आता फारच कमी झालं होतं. शेडला कुलूप लागलं.

मी एका सुट्टीच्या दिवशी बसनं झाईला गेलो. मुलीच्या घरामागं लगेच किनारा होता, ऊन पाण्यावर लखलखत होतं. तो ओट्यावर समुद्राकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसला होता. मुलगी म्हणाली, "असेच बसतात. उजेड नको म्हणतात." मी शेजारी जाऊन बसलो, तर त्यानं ओळखलं नाही. काय करावं सुचेना, म्हणून मी हात पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांत घेतला, पेरांवरून अंगठा फिरवला.

"करंगळी आखूड," तो म्हणाला. "मोजणीवाले साहेब."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, त्याला कुठं दिसणार होतं. थोड्या वेळानं त्यानं मुलीला हाक मारली. तिनं फडक्यात गुंडाळलेली ती मूठ आणून दिली. तो बरोबर घेऊन आला होता.

"बारकूला द्या," तो म्हणाला. "सांगा, पाता नाय झाला."

मी मूठ घेऊन आलो आणि घरी कपाटात ठेवली. बारकूकडे गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत दोन महिने काढले. पात्याशिवायची मूठ त्या माणसाच्या हातात कुठल्या तोंडानं द्यायची? श्रावणात मुलीचा फोन आला. म्हातारा गेला होता.

त्यानंतर मात्र मी गेलो. जाताना माझा सुराही घेतला. मनाशी ठरवलं होतं, माझ्या सुऱ्याची मूठ काढायची आणि हे पातं त्या मुठीत बसवायचं. तो अंधारातलं तोंडलं ओळखत होता तेव्हाचं हे पातं, ऐरणीवर पारखलेलं. बसवून देईल कुणीतरी. वाटेत मला जवळजवळ आनंद झाला होता.

बारकू अंगणात बसला होता. कमरेला आकडी होती, रिकामी. सवयीनं बांधत असावा. मी सगळं सांगितलं. त्यानं सुरा हातात घेतला आणि धारेवरून अंगठा फिरवला, एका बाजूनं, मग दुसऱ्या.

"ही उजव्या हाताची, साहेब," तो म्हणाला आणि सुरा मला परत दिला.

मला हे माहीत होतं. माझ्यासमोरच ते पातं कोळशानं काढलं गेलं होतं, उजव्या हाताच्या माणसाचं म्हणून. वाटेत ते मला आठवलं नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं.

मग त्यानं फडकं सोडून मूठ काढली. डाव्या हातात धरली. दोन बोटं आपापल्या जागी गेली, अंगठा खोलगट जागेत बसला, चोच तळव्याखाली अडकली. त्यानं मनगट एकदा वळवून पाहिलं. हात उलटा केला, हलवला. मूठ सुटली नाही. त्याचा चेहरा क्षणभर पूर्वीचा झाला.

"बराबर हाय," तो म्हणाला.

आणि आयुष्यभर जसं केलं तसं, न बघता, त्यानं हात पाठीमागं नेला आणि मूठ आकडीत अडकवायला गेला. खाचेत अडकायला पातं नव्हतं. मूठ मातीत पडली. तो हात तसाच मागं धरून बसून राहिला, आणि मीही ती उचलायला वाकलो नाही.